चीनहून माल मागवताना पैसे कशावर सोडायचे

प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच पाठवलेलं कच्चं बिल, आला की बहुतेक जण आधी दर बघतात. मी सगळ्यात खालचा चौकोन वाचते, जिथे पैसे घेणाऱ्याचं नाव, खाते क्रमांक, बँक आणि स्विफ्ट कोड (बँकेचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) असतो. दर दोन टक्के जास्त पडला तर माणूस हळहळतो आणि विसरतो. भलत्या खात्यावर गेलेले डॉलर परत आणायचे म्हटलं तर मात्र तो एक पूर्णवेळ उद्योगच होऊन बसतो.

पुण्यात एका बँकेच्या ट्रेड फायनान्स डेस्कवर माझी बरीच नोकरी झाली. आता भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांची आयातीची कागदपत्रं बघते. मसाल्याचे पॅकर, वाहन कंपन्यांना सुटे भाग देणारे वर्कशॉपवाले, रविवार पेठेतले घाऊक व्यापारी असे लोक माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे वकिलांची फौज नसते, चीनमध्ये माणूस नसतो, आणि एका ऑर्डरमध्ये गुंतलेली रक्कम बहुतेक वेळा फ्लॅट तारण ठेवून उचललेली असते. हे सगळं त्यांच्या बेताचं लिहिते आहे. दहा कंटेनर एकदम मागवणाऱ्यांना यातलं बरंचसं माहीत असतं.

त्यांच्यापाशी मी एकच हेका धरते. पैशाचा प्रत्येक हप्ता अशा घटनेला बांधा, जी घडल्याचं विकणाऱ्याखेरीज दुसरं कोणीतरी सांगेल. ‘मशीन रेडी, प्लीज अरेंज बॅलन्स’ असा मेसेज म्हणजे घटना नव्हे. तुम्ही नेमलेल्या तपासनिसाचा अहवाल ही घटना. शिपिंग लाइनच्या वेबसाइटवर कंटेनर जहाजावर चढलेला दिसणं ही घटना. टीटी (बँकेतून थेट पाठवलेले पैसे) असो, एलसी (ठरलेले कागद आले की पैसे देण्याची बँकेची हमी) असो, खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

समोर नक्की कोण आहे

चिंचवडच्या एका फरसाणवाल्या काकांचं उदाहरण घेते. शेव-चिवडा भरायला त्यांना मल्टिहेड वेइंग मशीन आणि त्याखाली पाउच पॅकिंग मशीन हवं होतं. झेजियांग प्रांतातल्या रुइआनहून कोटेशन आलं, ३८,००० डॉलर, एफओबी निंगबो, म्हणजे निंगबो बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च सप्लायरचा आणि पुढचं भाडं आपलं. रुइआन हे वेन्झोउच्या अखत्यारीतलं गाव, आणि पॅकिंग-छपाईच्या यंत्रांचं मोठं ठाणं. तिथे खरे कारखाने पुष्कळ आहेत, आणि त्याच कारखान्यांचे फोटो लावून बसलेले दलालही पुष्कळ आहेत.

कोटेशनवरचं इंग्रजी नाव कितीही भारदस्त असलं तरी चीनच्या सरकारदरबारी त्याला किंमत नाही. तिथे कंपनीचं खरं नाव चिनी लिपीतलंच. म्हणून पहिली मागणी बिझनेस लायसन्सच्या स्कॅनची करायची. त्यावर १८ अंक-अक्षरांचा युनिफाइड सोशल क्रेडिट कोड असतो. २०१५ पासून प्रत्येक कंपनीला तो दिला जातो. हा कोड चीन सरकारच्या कंपनी-माहितीच्या सार्वजनिक वेबसाइटवर टाकला की कंपनी चालू आहे की बंद, कधी नोंदली, कायदेशीर प्रतिनिधी कोण, हे दिसतं. साइट चिनीत आहे, कधी अडखळते, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून काम भागतं.

मी तिथे सगळ्यात जास्त वेळ ‘व्यवसायाची व्याप्ती’ या रकान्यावर घालवते. त्यात उत्पादन लिहिलंय की नुसती विक्री आणि आयात-निर्यात? नुसती विक्री असेल तर समोर ट्रेडिंग कंपनी आहे. ट्रेडिंग कंपनी वाईट असते असं मुळीच नाही. छोट्या ऑर्डरला कारखाना उभं करत नाही तेव्हा तीच उपयोगी पडते. पण मग मशीन कोणाच्या कारखान्यात बनणार, तपासनीस कुठे जाणार, हे करारात आलं पाहिजे. कारखाना म्हणवून घेतो आणि लायसन्सवर विक्री दिसते, अशा माणसाकडे मी ऑर्डर जाऊ देत नाही.

मग व्हिडिओ कॉल. आधी वेळ ठरवून केलेला कॉल म्हणजे शोरूमची सहल. दुपारच्या वेळात अचानक लावा आणि म्हणा, फाटकापासून चालत आत या. फाटकावरची पाटी, तिच्यावरची चिनी अक्षरं लायसन्सशी जुळतात का, आत तशीच मशीन अर्धवट जोडलेल्या अवस्थेत आहेत का, हे बघायचं. काकांनी हा कॉल त्यांच्या फिटरला करायला लावला, आणि तो निर्णय फार चांगला होता. फिटरने पहिला प्रश्न सर्व्हो मोटर कुठल्या कंपनीची असा विचारला आणि नेमप्लेट कॅमेऱ्यासमोर आणायला लावली. कोटेशनमध्ये लिहिलेला ब्रँड आणि मशीनवरचा ब्रँड वेगळा निघाला. सप्लायरने हसून ‘सेम क्वालिटी’ म्हटलं. आम्ही ब्रँड करारात घातला.

आलीबाबावरचा ‘गोल्ड सप्लायर’चा बिल्ला हे पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व आहे. त्याला चारित्र्याचा दाखला समजू नका. तिथली ट्रेड अशुरन्स ही खरेदीदाराच्या संरक्षणाची सोय छोट्या ऑर्डरला बरी आहे, पण पैसे प्लॅटफॉर्ममार्फत गेले तरच ती लागू होते. ‘थेट खात्यावर पाठवा, तीन टक्के वाचतील’ असं सप्लायर म्हणाला आणि तुम्ही ऐकलंत, की संरक्षण संपलं.

हाँगकाँगचं खातं

इथे जरा थांबते, कारण सर्वांत जास्त फोन याच विषयावर येतात. करार रुइआनच्या कंपनीशी, आणि पैसे मागतात हाँगकाँगच्या भलत्याच नावाच्या कंपनीच्या खात्यावर. लोक घाबरतात तरी, नाहीतर बिनधास्त पाठवून मोकळे होतात.

चीनमधले पुष्कळ निर्यातदार डॉलर हाँगकाँगमध्ये घेतात. तेवढ्याने ते चोर ठरत नाहीत. पण वाद झाला की रुइआनवाला म्हणतो मला पैसे मिळाले नाहीत, आणि हाँगकाँगवाला म्हणतो मी माल विकलाच नाही. हाँगकाँगची कंपनी कित्येकदा एका खोलीतली आणि दहा हजार हाँगकाँग डॉलर भांडवलाची असते. त्यामुळे पहिला पर्याय, चीनमधल्या त्याच कंपनीच्या नावावरच्या डॉलर खात्याचा आग्रह धरायचा. तो मानलाच नाही तर दोन्ही कंपन्यांची नावं करारात घ्या, दोघी मिळून आणि स्वतंत्रपणे जबाबदार आहेत असं वाक्य घाला, आणि रुइआनच्या कंपनीचा गोल लाल शिक्का त्यावर मारून घ्या. चीनमध्ये सहीपेक्षा शिक्क्याला वजन असतं. शिक्क्यातलं नाव लायसन्सवरच्या नावाशी एकेक अक्षर ताडून बघा. हाँगकाँगच्या कंपनीची नोंद तिथल्या कंपनीज रजिस्ट्रीवर ऑनलाइन तपासता येते.

शिवाय आपली बँकही विचारणारच: विकणारा एक आणि पैसे घेणारा दुसरा, असं का? तिसऱ्याला पैसे द्यायचे असतील तर तसा उल्लेख इनव्हॉइसवर लागतो आणि पुढे बिल ऑफ एंट्रीशीही (माल आल्यावर कस्टम्समध्ये भरायच्या कागदाशीही) तो जुळावा लागतो. हे आधी जमवलं नाही तर पैसे गेल्यावर कागद जुळत नाहीत आणि बँकेच्या फेऱ्या सुरू होतात.

कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावावरचं खातं दिलं, मग ती मॅनेजर असो, मालकाची बायको असो की ‘फायनान्स डायरेक्टर’ असो, तर विषय तिथेच संपवायचा.

करारात काय असायला हवं

प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर ‘मल्टिहेड पॅकिंग मशीन, १ सेट’ एवढंच लिहिलेलं असतं. या एका ओळीवर तीस-पस्तीस लाख रुपये पाठवायचे? काकांच्या करारात आम्ही लिहिलं: २०० ग्रॅमचा पाउच, मिनिटाला ५०, वजनात फरक वर-खाली २ ग्रॅमच्या आत, सलग दोन तास, काकांनी पाठवलेल्या फिल्मवर. फिल्मचा एक रोल कुरियरने रुइआनला गेला. चाचणीसाठी तिकडे शेंगदाणे किंवा गोळ्या वापरायची पद्धत असते, कारण त्या छान घरंगळतात. शेव तुटते, अडकते, तेल सोडते. म्हणून ‘तेलकट, ठिसूळ, शेवयांसारखा माल’ असं लिहून घेतलं. हे काकांनाच सुचलं. मला कागद कळतात, शेव त्यांना कळते.

साचा बनवून घेत असाल तर तो साचा कोणाच्या मालकीचा, हे एक वाक्य विसरू नका. साच्याचे पैसे तुम्ही द्यायचे आणि त्याच साच्यातला माल पुढच्या वर्षी तुमच्या शेजाऱ्याला जायचा, हे भोसरीत घडलेलं आहे.

बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर होत असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी ईमेलने कळवा की आज असं असं ठरलं. वीचॅटवर आपल्याकडे जून २०२० पासून बंदी आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये बंद, त्यामुळे तिकडचा माणूस व्हीपीएन लावून बोलत असतो. चार दिवस गप्प झाला म्हणून तो पळाला असं समजू नका. पण त्याच्या व्हॉइस नोटवर पैसेही पाठवू नका.

वादाचं कलमही घाला. पुण्याच्या दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन वेन्झोउमध्ये वसुली करणं व्यवहारात जमत नाही. लवादाचा निवाडा मात्र न्यूयॉर्क कराराखाली चीनमध्ये बजावता येतो, कारण चीन त्या कराराचा सदस्य आहे. म्हणून सिंगापूरचा, किंवा चीनशी त्यासाठी वेगळी व्यवस्था असलेल्या हाँगकाँगचा लवाद लिहितात. खरं सांगायचं तर ३८,००० डॉलरसाठी सिंगापूरला भांडणं परवडत नाही. ते कलम असतं ते समोरच्याला विचार करायला लावण्यासाठी. खरी भिस्त हप्त्यांवर.

हप्ते

बाजारात चालणारा शिरस्ता ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल निघण्याआधी. यातलं ‘माल निघण्याआधी’ हे मला खटकतं. सत्तर टक्के गेले आणि माल अजून त्याच्याच गोदामात, म्हणजे दोन्ही गोष्टी त्याच्याच हातात.

काकांच्या बाबतीत आम्ही असं मागितलं: ३० टक्के आगाऊ, ६० टक्के कारखान्यातली चाचणी पास होऊन माल जहाजावर चढल्यावर, बीएलच्या (मालाच्या जहाज-पावतीच्या) प्रतीवर, राहिलेले १० टक्के चिंचवडला मशीन चालू झाल्यावर. सप्लायर शेवटच्या दहाला कधीच पटकन हो म्हणत नाही. आमचाही पाचवर तुटला, आणि ते पाच मुख्य रकमेत गेले. हरकत नाही. त्या पाच टक्क्यांमुळे सुट्या भागांच्या ईमेलला उत्तर येतं. पण ‘मशीन चालू झाल्यावर’ एवढंच लिहिलं तर सप्लायरला भीती असते की हा कधीच चालू झालं म्हणणार नाही. म्हणून तारीख घाला: न्हावा शेव्याला माल सुटल्यापासून ६० दिवस, किंवा चाचणी पास, जे आधी होईल ते. त्याच्या बाजूची भीती काढली की तो तुमची अट मान्य करतो. चिनी तंत्रज्ञाला व्हिसा मिळवणं २०२० नंतर बरीच वर्षं किचकट होतं, म्हणून जोडणी व्हिडिओ कॉलवर होईल हे गृहीत धरूनच लिहा.

बीएलच्या प्रतीवर पैसे द्यायचे म्हणजे काय, तेही सांगते. माल जहाजावर चढला की शिपिंग लाइन बिल ऑफ लेडिंग देते, बहुधा तीन मूळ प्रती. सप्लायर तुम्हाला नुसता स्कॅन पाठवतो, मूळ प्रती स्वतःकडे ठेवतो. तुम्ही पैसे देता, मग तो मूळ प्रती कुरियर करतो किंवा टेलेक्स रिलीज देतो, म्हणजे मूळ प्रतीशिवाय माल सोडा असं लाइनला कळवतो. तोवर माल समुद्रात, ना त्याच्या हातात ना तुमच्या. ही स्थिती दोघांनाही पुरेशी अडचणीची असते, म्हणूनच ती चांगली.

फक्त स्कॅन खोटा असू शकतो. बीएल क्रमांक आणि कंटेनर क्रमांक शिपिंग लाइनच्या साइटवर स्वतः टाकून बघा. सप्लायरने पाठवलेल्या लिंकवरून नको. कंटेनर क्रमांकात चार अक्षरं आणि सात अंक असतात, आणि शेवटचा अंक आधीच्या सगळ्यांवरून गणिताने काढलेला असतो. मनाने रचलेला क्रमांक त्या गणितात बहुधा नापास होतो. हे तपासणारी साधनं ऑनलाइन फुकट मिळतात. बीएल शिपिंग लाइनचा नसून फॉरवर्डरचा (वाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या एजंटचा) हाउस बीएल असेल तर लाइनने दिलेल्या मास्टर बीएलचा क्रमांक मागा.

याच कारणासाठी मी एफओबी घ्यायला लावते आणि फॉरवर्डर आपला नेमायला लावते. सीआयएफचा, म्हणजे भाडं आणि विमा धरून सांगितलेला दर ऐकायला गोड लागतो. पण त्यात जहाजाची व्यवस्था सप्लायरचा माणूस करतो, आणि कंटेनर अर्धाच भरण्याइतका माल असेल तर न्हावा शेव्यात त्याचा इथला एजंट ‘डेस्टिनेशन चार्जेस’च्या नावाखाली जे बिल लावतो ते बघून भाड्यात वाचलेलं सगळं निघून जातं. पैशाच्या सुरक्षेच्या दृष्टीने त्याहून मोठा फायदा असा की आपल्या फॉरवर्डरचा निंगबोतला माणूस आपल्याला सांगतो: गाडी आली, पेट्या इतक्या, वजन इतकं. कारखान्याबाहेरचा पहिला साक्षीदार तोच. विमाही मग आपला. सीआयएफमध्ये सप्लायरला किमान संरक्षणाचाच, म्हणजे सी कलमांचा विमा काढणं बंधनकारक असतं. आपण घेताना व्यापक संरक्षणाचा, ए कलमांचा घ्यावा.

तपासनीस

एसजीएस, ब्युरो व्हेरिटास, इंटरटेक, किमा ही नावं ओळखीची आहेत. चीनमध्ये एका माणसाच्या एका दिवसाचे साधारण तीनेकशे डॉलर लागतात. दहा-बारा हजार डॉलरच्या वरच्या कुठल्याही पहिल्या ऑर्डरला मी हे पैसे खर्च करायला लावते, आणि यावर सगळ्यात जास्त कटकट ऐकून घेते. तपासनीस तुम्ही नेमायचा, फी तुम्ही भरायची, आणि अहवाल त्याच्याकडून थेट तुमच्या ईमेलवर आला पाहिजे. सप्लायरने पुढे पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

मशीन असेल तर तपासनिसाला करारातली चाचणी द्या आणि दोन तासांचा व्हिडिओ मागा. सुटा माल असेल तर नमुना काढून तपासतात. रविवार पेठेतल्या एका व्यापाऱ्याने सिलिकॉनच्या केक साच्यांचे १०,००० नग मागवले होते. किती नमुने काढायचे हे सांगणाऱ्या आयएसओ २८५९-१ च्या तक्त्यात सामान्य पातळी २ ला एवढ्या लॉटमधून २०० नग काढतात. मोठ्या दोषांची तक्त्यातली मर्यादा (एक्यूएल) २.५ धरली तर १० सदोष नगांपर्यंत लॉट पास, अकरावा सापडला की नापास. किरकोळ दोषांना ४.० धरली तर १४ पर्यंत पास. धोकादायक दोष एकही चालत नाही. पण मोठा दोष कशाला म्हणायचं हे तुम्ही लिहून दिलं नाही, तर तपासनीस स्वतःच्या मनाने ठरवतो. त्या व्यापाऱ्याने यादीत उग्र वास, चिकटपणा आणि चिरलेली कड एवढंच घातलं. लॉट वासावर नापास झाला, साचे पुन्हा भट्टीत गेले, आणि सत्तर टक्के त्यानंतर सुटले.

पेट्या भरून कंटेनर सील होताना तपासनीस हजर राहील का, हेही विचारा. त्याला लोडिंग सुपरव्हिजन म्हणतात. सील क्रमांकाचा फोटो अहवालात आला की इथे कंटेनर उघडताना तोच क्रमांक ताडून बघता येतो.

चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांदरम्यान कधीतरी येतं. त्याआधीच्या पंधरवड्यात कामगार गावी निघायच्या घाईत असतात, आणि सप्लायरचा ‘आत्ता पैसे टाका, नाहीतर महिना जाईल’ हा लकडा वाढतो. महिना जाऊ द्या. तपासणी त्या घाईसाठी सोडायची नाही.

एलसी आणि तिचा धाकटा भाऊ

एलसी म्हणजे अभेद्य कवच असा समज आहे. डेस्कवर असताना लोक यायचे, ‘मॅडम, माल भंगार आलाय, पेमेंट थांबवा.’ कागद अटींप्रमाणे असतील तर बँकेला थांबवता येत नाही. यूसीपी ६००, ज्या नियमांवर जगभर एलसी चालतात, त्याचं पाचवं कलमच असं आहे की बँका कागदांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. न्यायालयही उघड आणि गंभीर फसवणूक दिसल्याशिवाय सहसा मनाई देत नाही.

मग करायचं काय, तर हवा तो कागद अटीत घालायचा. एलसीच्या अर्जात ४६ए क्रमांकाच्या रकान्यात लागणारे कागद लिहितात. तिथे ‘अमुक कंपनीने दिलेलं, चाचणी पास झाल्याचं तपासणी प्रमाणपत्र’ असं नाव घेऊन लिहा. नुसतं ‘तपासणी प्रमाणपत्र’ लिहिलं तर सप्लायर स्वतःच्याच लेटरहेडवर ते देतो आणि बँकेला ते घ्यावं लागतं. बहुतेक जण सप्लायरने पाठवलेल्या मसुद्यावरच सही करतात. तो मसुदा त्याच्या सोयीचा असतो, यात त्याचा दोष नाही.

४८ व्या रकान्याकडेही बघा. माल चढल्यापासून कागद सादर करायला तिथे काही लिहिलं नाही तर २१ दिवस मिळतात. निंगबोहून न्हावा शेव्याला माल यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे कंटेनर बंदरात आणि कागद अजून चीनच्या बँकेत, इकडे दिवसाचं भाडं चालू. तिथे दहा दिवस लिहा. आणि घाईत बँकेकडून शिपिंग गॅरंटी घेऊन माल सोडवलात, तर नंतर कागदांत चूक निघाली तरी पैसे नाकारता येत नाहीत. हे त्या फॉर्मवर बारीक अक्षरात असतं आणि कोणी वाचत नाही.

एलसीचा खर्च, बँकेत अडकवून ठेवावं लागणारं मार्जिन मनी, कागदांची उस्तवार हे सगळं धरलं तर तीस-चाळीस हजार डॉलरच्या खाली ती मला परवडणारी वाटत नाही. शिवाय आपल्याकडे पुष्कळांचं खातं सहकारी बँकेत असतं. परकीय चलनाच्या पूर्ण परवान्याच्या सहकारी बँका मोजक्या, आणि त्यांची एलसी रुइआनचा छोटा कारखानदार कित्येकदा ओळखत नाही.

अशा वेळी मी डी/पी सुचवते. सप्लायर मूळ बीएलसह सगळे कागद त्याच्या बँकेमार्फत तुमच्या बँकेकडे पाठवतो, आणि तुम्ही पैसे भरल्यावरच बँक ते तुमच्या हातात देते. खर्च थोडा, हमी कोणाचीच नाही, पण कागद आणि पैसा एकाच टेबलावर हस्तांतरित होतात. ३० टक्के आगाऊ, तपासणी, आणि उरलेलं डी/पी ही जोडणी मध्यम रकमेला मला सगळ्यात आवडते. ती इतकी कमी का वापरली जाते हे मला न सुटलेलं कोडं आहे. बहुधा सप्लायर ती सुचवत नाही आणि बँकेचा नवा मुलगाही सुचवत नाही, म्हणून असेल.

‘आमचं खातं बदललं आहे’

सगळं नीट केलं आणि इथे गाडी घसरली, असं फार होतं. मोठा हप्ता भरायच्या दिवशी सकाळी ईमेल येतो: आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, कृपया या वेळी खालील खात्यावर पाठवा. मशीनचा मॉडेल नंबर बरोबर, रक्कम सेंटपर्यंत बरोबर, खाली नेहमीच्या मुलीचं नाव. चोर महिनाभर सप्लायरच्या किंवा तुमच्याच मेलबॉक्समध्ये बसून सगळं वाचत असतो. पत्त्यात ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी टाकलेले असतात. मोबाइलच्या पडद्यावर ते हुबेहूब एमच दिसतं. म्हणून असले ईमेल मी संगणकावर, अक्षरं मोठी करून वाचते.

करारातच लिहा की खातं बदललं तर शिक्का मारलेलं पत्र आणि व्हिडिओ कॉल, दोन्ही झाल्याशिवाय पैसे जाणार नाहीत. कॉल पहिल्या दिवसापासून सेव्ह असलेल्या नंबरवर करा, त्या ईमेलखालच्या नंबरवर नको. आणि ज्याचा चेहरा तुम्हाला माहीत आहे त्यानेच खात्याचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवायचे. आवाजावर भरवसा ठेवायचे दिवस गेले. खातं तिसऱ्याच देशात असेल, म्हणजे माल चीनचा आणि खातं युरोपातलं, तर कॉलचीही गरज नाही, पैसे पाठवायचेच नाहीत.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात बँकेत जा. स्विफ्टवरून रक्कम परत मागवण्याचा संदेश पाठवायला सांगा, आणि पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशाची प्रत (जिला पूर्वी एमटी १०३ म्हणत) व यूईटीआर हा ३६ चिन्हांचा क्रमांक घ्या. त्यावरून पैसे कुठल्या बँकेत पोहोचले हे बँकेला दिसतं. मग १९३० वर आणि सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. खऱ्या सप्लायरलाही लगेच कळवा, म्हणजे तो त्याच्या बाजूने हालचाल करेल. समोरच्या खात्यात रक्कम जमा होऊन पुढे सरकली की आशा फारच कमी. शुक्रवारी संध्याकाळी हे उमगलं तर सोमवारची वाट बघू नका. चोर शुक्रवार मुद्दाम निवडतात.

बँकेचं आणि कस्टम्सचं

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक, लागतोच. आगाऊ रकमेला एस ०१०१ आणि इनव्हॉइसच्या भरण्याला एस ०१०२ हा परपज कोड (पैसे कशासाठी जातात ते बँकेला सांगणारा) लागतो; अदलाबदल झाली की पुढे जुळवणी अडते. माल आला की बिल ऑफ एंट्री बँकेमार्फत आयडीपीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या आयात-नोंद प्रणालीत तुमच्या पाठवलेल्या प्रत्येक हप्त्याशी जुळवून घ्या. जुनी आगाऊ रक्कम उघडी राहिली की बँक पुढची आगाऊ रक्कम पाठवायला कां-कूं करते. मोठ्या आगाऊ रकमेला बँकेने परदेशी बँकेची हमी मागितली तर तिच्यावर चिडू नका. ती अट तुमच्याच फायद्याची आहे.

ऑर्डर देण्याआधी कस्टम्स ब्रोकरला वस्तूचा एचएस कोड (कस्टम्सचा वर्गीकरण क्रमांक) देऊन विचारा की बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याची, सक्ती आहे का. खेळण्यांना २०२१ पासून आहे. परवाना नसलेल्या कारखान्याची खेळणी कितीही उत्तम असली तरी बंदरातून सुटत नाहीत, आणि सप्लायर म्हणतो माझा माल तर ठीक होता. त्याचं बरोबरच असतं.

दोन-तीन महिन्यांनी द्यायच्या डॉलरवर फॉरवर्ड (आजच दर ठरवून ठेवण्याचा करार) घेता येतो का, हेही बँकेला एकदा विचारून ठेवा. मार्जिन कमी असलेल्या मालात रुपया घसरला तर सप्लायरने न फसवताही फटका बसतो.

राहिलेले पाच टक्के सोडताना फिटरची सही घ्या. काकांच्या मशीनचा फिल्म ओढणारा रोलर शेवेच्या तेलाने सरकत होता. सप्लायरने रबर बदललेला रोलर कुरियरने पाठवला, फिटरने तो बसवून दोन तास मशीन चालवलं, आणि बँकेला सूचना त्यानंतर गेली.